पर्वतामावशीचं बिनदाराचं घर

पर्वतामावशीला ‘हे करू का’ असं विचारलं की ती उत्तर देत नसे. बहिरी होती म्हणून नव्हे. कान तिचे चांगले तिखट होते. गल्लीच्या पलीकडच्या टोकाला कोणी कोणाला काय म्हटलं ते तिला चुलीपुढे बसून कळायचं. पण ‘मावशी, बसू का?’ असं विचारलं की ती आपल्या गवारीच्या शेंगा मोडत राही. मी पहिल्यांदा तिच्याकडे गेलो तेव्हा असाच ताटकळलो. पुन्हा विचारलं, तरी ढिम्म. माणसाला पाणी विचारायची रीत नसेल, पण निदान बस म्हणावं, असं मनात आलं आणि रागारागाने मी ओट्यावर बसूनच टाकलं. तेव्हा कुठे बाईने तोंड उघडलं.

“बसले? चांगलं केलं गुरुजी. बसाले काय हुकूम लागते?”

महाराष्ट्र होऊन वर्ष-दोन वर्षं झाली होती आणि मला अमडापूरच्या शाळेत नोकरी लागून जेमतेम महिना. मी बुलडाण्याचा, वडील कचेरीत कारकून. आमच्या घरात आईला विचारल्याशिवाय लोणच्याच्या बरणीला हात लावायची सोय नव्हती. त्यामुळे या बाईचं वागणं मला फारच उर्मट वाटलं. तिचं घर माझ्या खोलीच्या समोरच होतं, मळ्यातली भाजी ती ओट्यावरच विकायची, आणि भाजी घ्यायला दुसरीकडे जायचं तर बाजाराच्या दिवसाची वाट पाहावी लागे. तेव्हा राग गिळून मी जात राहिलो.

नाव पर्वता, अंगाने मात्र वाळल्या काडीसारखी. मी एकदा त्यावरून चेष्टा केली तर म्हणाली, “बाप म्हने, मोठी होईल. होऊन राह्यली हळूहळू.” तेव्हा तिची पन्नाशी जवळ आली असावी. चालायची तुरुतुरु. बोलताना समोरच्याकडे न पाहता हातातल्या कामाकडे पाहायची, त्यामुळे ती मेथीच्या जुडीलाच काही सांगते आहे असं वाटायचं. रागावली की मात्र काम थांबे.

आणि तिच्या घराला दार नव्हतं. चौकट होती, उंबरा होता, दार बसवायच्या खाचा होत्या, फक्त दार नव्हतं. तिथे एक तरट लोंबत असे. शेळ्या आत जात, कुत्री आत जात, ती हाकलत असे. गावातले लोक पत्ता सांगतानासुद्धा ‘बिनदाराच्या घरापासून डाव्या हाताला’ असं सांगत. मला आधी वाटलं, गरिबी असेल. पण एकदा तिच्या मळ्यात गेलो तर ते दार तिथे चार दगडांवर आडवं टाकलेलं दिसलं. चांगलं सागवानी दार, पितळी कड्यांचं. त्यावर वांगी निवडायचं काम चाललं होतं. निवडणारे होते आनंदाभाऊ, तिचे यजमान.

आनंदाभाऊंबद्दल मला गावानेच सांगितलं. अशा गोष्टी नव्या मास्तराला सांगायची गावाला घाईच असते. तरुणपणी बांधावरून शेजारच्या शेतकऱ्याशी त्यांचं भांडण झालं. शब्दाने शब्द वाढला आणि आनंदाभाऊंनी हातातली काठी मारली. वर्मी लागली. माणूस मेला. आनंदाभाऊंना सात वर्षांची शिक्षा झाली आणि ती त्यांनी लांबच्या एका मोठ्या तुरुंगात भोगली. मी आलो तेव्हा त्यांना सुटून बराच काळ झाला होता. उंचापुरा, रुंद हाडाचा माणूस, पण आवाज इतका खाली की कानाजवळ वाकावं लागे. मारकुटा म्हणून ज्यांची गोष्ट ऐकली ते हेच का, अशी शंका यावी.

मावशीच्या न बोलण्याचा उलगडा तिनेच एकदा केला. मी विचारलं नव्हतं. वांग्यांची देठं काढता काढता ती वांग्यांना सांगत होती, मी ऐकत होतो.

“सुटून आले तवा पहिल्या दिवशी मले पुसलं, पानी पिऊ का? रांजन समोर हाय, गडवा हाताशी हाय. म्या म्हनलं, प्या न. मंग पुसलं, भाईर जाऊ का? म्हनलं, जा. मले वाटलं, नवं नवं हाय. तं ते वाढतच गेलं, गुरुजी. झोपू का, उठू का, अंगावर घेऊ का. म्या ‘हाव, हाव’ म्हनून राह्यली. मंग एक दिवस माह्या ध्यानात आलं, म्या हाव म्हनते तवर मीच यायची जेलातली शिपाई हाय.”

त्या दिवसापासून तिने तोंड शिवून घेतलं. आनंदाभाऊंनी सकाळी पाणी पिऊ का विचारलं, ती बोलली नाही. ते रांजणापाशी उभे राहिले, मग बसले, मग पुन्हा उभे राहिले. उन्हाळ्याचे दिवस. ती आत चुलीशी बसून पदर तोंडात कोंबून रडत होती. दुपार कलल्यावर गडवा रांजणात बुडल्याचा आवाज आला.

“तो आवाज आला अन् माह्या जिवात जीव आला,” ती म्हणाली. “आता यायच्या एकट्यासंगं मुकं राहाचं न् बाकीच्यायले हाव म्हनाचं, हे काही मले जमे ना. तोंडातून निंघूनच जाये. म्हून सगळ्यायसाठीच बंद केलं.”

तरी आनंदाभाऊ पुरते सुटले नव्हतेच. त्यांची जात त्यांना परत घेणार होती, म्हणजे त्या काळच्या रीतीप्रमाणे भाऊबंदांना जेवण घालायचं होतं. त्याशिवाय त्या घरचं पाणी कोणी घेत नसे. मावशीने वरण, पोळ्या, वांग्याची भाजी असा बेत केला. पंगत बसली. किती पानं लागतील ते पाहायला एक वडीलधारे गृहस्थ बोटाने मोजत निघाले, एक, दोन, तीन. बोट आनंदाभाऊंवर आलं तसे ते ताडकन उठले, हात अंगालगत सरळ धरले आणि म्हणाले, “हाजिर, साहेब.”

मग मागून कोणीतरी फिसकन हसलं. मावशी भाजीचं भांडं घेऊन तिथेच उभी होती. ती म्हणाली, “हाव, हाजिर हायेत. सात वर्सानं हायेत. वाढा आता.” आणि पहिली वाढणी तिने त्यांच्या पानावर केली. ते मात्र उभेच होते. शेवटी शेजारच्याने हात धरून बसवलं.

आणि दाराचं असं झालं. एकदा ती बाजाराला गेली होती. आनंदाभाऊ घरात पडले होते. शेजारणीने पाहिलं, दार लोटलेलं आहे, घरात चाहूल नाही, पर्वता कडी लावायची विसरली असेल. म्हणून शेजारधर्माने बाहेरून कडी घातली आणि स्वतःच्या शेतात निघून गेली. आपल्याकडे कोणीही हेच करील. मावशी दिवस मावळताना परत आली. आनंदाभाऊ भिंतीला पाठ लावून बसले होते, पुढ्यात घोंगडीची चौकोनी घडी. दिवसभर गल्लीतून माणसं येत-जात होती. एक हाक मारली असती तर कोणीही कडी काढली असती. त्यांनी हाक मारली नव्हती.

“मले वाटलं, बंदीचा टाइम झाला असल,” ते म्हणाले.

मावशीने धाकटे दीर महादा यांना बोलावलं आणि त्याच संध्याकाळी दार काढायला लावलं. महादा म्हणाले, वयनी, येडी झाली का, घर उघडं टाकता काय? ती म्हणाली, “दार हाय तवर कोनी न् कोनी कडी लावनच.” 

हे सगळं सांगताना ती तुरुंगाला शिव्या देत नसे. “मारलं नाही कोनी यायले,” ती म्हणायची. “जेवन टायमावर, काम टायमावर. मानूस मेला त्यायच्या हातानं, शिक्षा तं पाह्यजेच होती. पन सात वर्स यायनं आपल्या हातानं एक दार उघडलं नाही, आज काय करू हे एक दिवस ठरवलं नाही. मंग हाताले कसं आठवल?” आणि तिचं एक म्हणणं होतं, ते ती कोणालाही ऐकवत असे. मेलेल्या माणसाची बायको बीबी गावी माहेरी न जाता इथेच राहिली होती, आणि तिचं शेत पडीक पडलं होतं. “ते शेत सात वर्स यायले वाहाले लावाचं होतं. पिकल ते तिचं. तिचं पोट भरलं असतं, न् यायले रोज त्या बांधावर उभं राहा लागलं असतं. याच्याहून मोठी शिक्षा कोनती, सांगा बरं.”

सांगून ती थांबली नव्हती. आनंदाभाऊ आत असताना ही काडीएवढी बाई बैलजोडी घेऊन त्या विधवेचं शेत वाहायला गेली होती. पहिल्या वर्षी त्या बाईने ढेकळं मारून हाकललं. दुसऱ्या वर्षी ढेकळं मारली नाहीत. तिसऱ्या वर्षी बांधावर पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि न बोलता निघून गेली. एवढंच. दोघी कधी मैत्रिणी झाल्या नाहीत. मावशीचीही तशी अपेक्षा नव्हती.

आता बिनदाराच्या घरात चोरी व्हायचीच ती झाली. इतके दिवस झाली नाही हेच आश्चर्य. गल्लीच्या टोकाला श्रावण म्हणून एक एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा राही. आई नाही, बाप दारूत. वाईट म्हणावा असा नव्हता. काम नव्हतं आणि पोटात आग होती. नवरा-बायको मळ्यात असताना त्याने मावशीचा पाणी भरायचा पितळी गुंड आणि परात उचलली आणि विकायला चिखलीला नेली. दुकानदाराला संशय आला, श्रावण पकडला गेला. इकडे महादांनी मावशीला न विचारताच फिर्याद दिली होती.

मावशीला कळलं तेव्हा मी ओट्यावर होतो. तिचं काम थांबलं.

“भाऊजी, चोरी माह्या घरची न् फिर्याद तुमची?”

“वयनी, चोर हाय तो. जाऊ द्या न जेलात दोन वर्स. अक्कल येईल.”

“तुमच्या भावाले आली का?”

मावशी उठली, भाकरी फडक्यात बांधली आणि मला म्हणाली, “चिखलीचं कोर्ट कुठं हाय, चाला दाखवा.” मी शाळेला रजा टाकली. तिच्यापुढे रजा मिळेल का वगैरे बोलायची सोय नव्हती.

एसटीत ती माझ्याशी पहिल्यांदा माझ्याकडे पाहून बोलली. “गुरुजी, ते पोरगं आत गेलं न्, तर जे भाईर येईल ते हे पोरगं नसल. मले मालूम हाय. अन् ते माह्या गुंडापायी गेलं असं होईल.” मला तिची फार कीव आली, आणि भीतीही वाटली, कारण कोर्टात बाईचं कोण ऐकणार?

मॅजिस्ट्रेट तरुण होते, चष्म्याचे. श्रावणने गुन्हा कबूल केला होता. साहेबांनी मावशीला विचारलं, “बाई, तुमच्या घराला दार नाही म्हणतात. का?”

“होतं साहेब. काहाडलं.”

“का काढलं?”

“मानूस अडकून राह्यलता.”

कोर्टात खसखस पिकली. मावशीने वळून पाहिलं तशी ती थांबली. मग ती साहेबांना म्हणाली, “साहेब, त्यानं गुंड नेला, गुंड भेटला. परात भेटली. आता त्याले कायले नेता?”

“मग शिक्षा नको का त्याला?”

“पाह्यजे न! माह्या मळ्यात द्या. उन्हात वाफे ओढल तर मालूम पडल, गुंडात पानी कुठून येते.”

या वेळी साहेबच हसले. पण पुढे ते जे बोलले त्याची आम्हाला कोणालाच कल्पना नव्हती. ते म्हणाले, असा कायदा आता आहे. पहिलाच गुन्हा असेल आणि कोणी जामीन राहिलं, तर चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडता येतं. वर एक प्रोबेशन ऑफिसर लक्ष ठेवतो. त्यांनी त्या ऑफिसरला चौकशी करायला सांगितलं आणि पुढची तारीख दिली. ऑफिसर सायकलीवर अमडापूरला येऊन मळा पाहून गेले. गावाने त्यांचं ‘परबेशन साहेब’ असं नामकरण करून टाकलं.

पुढच्या तारखेला घोटाळा कळला. जामीन राहणाऱ्याच्या नावावर काही हवं, आणि मळा होता आनंदाभाऊंच्या नावावर. मावशीचा अंगठा चालणार नव्हता. आनंदाभाऊंना स्वतः कोर्टापुढे उभं राहून ‘मी जामीन राहतो’ म्हणायचं होतं. ज्या माणसाला पाणी प्यायला अर्धा दिवस लागला होता, त्याला. मावशीचा चेहरा उतरलेला मी पहिल्यांदा पाहिला. पण आनंदाभाऊंना तिने एका शब्दाने पढवलं नाही.

पुकारा झाला. साहेबांनी विचारलं, “तुमची तयारी आहे का?”

आनंदाभाऊंनी मावशीकडे पाहिलं. मावशी खिडकीबाहेर पाहू लागली. तिच्या हातातल्या पदराची गाठ ती घट्ट करत होती, सोडत होती.

“बोलू का, साहेब?” आनंदाभाऊ म्हणाले.

“बोला ना. तुम्हालाच विचारतोय.”

तरी शब्द फुटेना. पट्टेवाला खाकरला. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. तेवढ्यात आनंदाभाऊंची नजर भिंतीकडे गेली. तिथे पोलिसाच्या पायाशी श्रावण बसला होता, उकिडवा, गुडघ्यांना हातांची मिठी घालून, मान खाली. थोडेच दिवस कोठडीत होता, पण कैद्याचं बसणं अंगात आलं होतं. आनंदाभाऊ कोणाला काही न विचारता पिंजऱ्यापासून निघाले, कोर्ट ओलांडून त्याच्यापाशी गेले आणि त्याचा दंड धरून त्याला उभं केलं.

“ऊठ,” ते म्हणाले. “असा नको बसू.”

मग तिथूनच साहेबांकडे वळून म्हणाले, “मी घेतो याले.”

सरकारी वकील उठून म्हणाले की हा इसम स्वतःच शिक्षा भोगलेला आहे. साहेबांनी ऑफिसरचा अहवाल पुन्हा पाहिला, पुन्हा आनंदाभाऊंकडे पाहिलं आणि लिहायला घेतलं. कायद्यात आडकाठी नव्हती की साहेबांनीच काणाडोळा केला, मला ठाऊक नाही. दोन वर्षांची हमी होती. बाहेर आल्यावर मावशी कोर्टाच्या पायरीवर मटकन बसली आणि लहान पोरीसारखी रडली. आनंदाभाऊ आणि श्रावण दोघेही तिच्यापुढे काय करावं ते न कळून उभे होते.

श्रावण मळ्यात आला म्हणजे सगळं सुरळीत झालं असं नाही. पोरगा आळशी होता. वाफ्यात पाणी सोडून बांधावर लवंडायचा. आनंदाभाऊंना त्याला हुकूम करता येत नव्हता. ते त्याच्या मागून गुपचूप त्याची कामं निस्तरायचे. गल्लीतल्या बायका श्रावण दिसला की भांडी आत घ्यायच्या. आणि पहिल्याच वर्षी होळीच्या सुमाराला तो कोणालाही न सांगता नाहीसा झाला. महादा रोज येऊन म्हणत, ऑफिसरला कळवा, नाहीतर दादाच अडकतील. कळवलं असतं तर हमी मोडली असती आणि श्रावण थेट आत गेला असता. मावशीने कळवलं नाही. ती दिवसभर उंबऱ्यात बसून रस्त्याकडे पाही आणि मी दिसलो की मिरच्या निवडायचं सोंग करी.

श्रावण आला तो सैलानीबाबाची जत्रा करून, गळ्यात नवा रुमाल, हातात रेवड्यांचा पुडा. मावशीने पुडा घेतला आणि भाकरी वाढली. दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, “पुसलं नाही त्यानं मले, त्याचं बरं वाटलं. सांगतलं नाही, त्याचा राग आला. दोनी खरं हाय गुरुजी.” आणि रेवड्या पुढे केल्या. जरा मऊ पडल्या होत्या, पण आम्ही संपवल्या.

हमीची दोन वर्षं संपत आली त्याच सुमारास माझी मेहकरला बदली झाली. ट्रंक एसटीच्या थांब्यावर एका दुकानात ठेवून मी मळ्यात निरोप घ्यायला गेलो. परबेशन साहेबांची ती शेवटची भेट होती. ते नुकतेच येऊन निंबाला सायकल टेकवत होते. त्यांच्या हातून आज श्रावण मोकळा व्हायचा, नाहीतर पुन्हा कोर्टापुढे जायचा. मावशी पदराने हात पुसत लगबगीने आली. इतक्यात कांद्याच्या वाफ्यांकडून आरडाओरडा ऐकू आला.

“अबे, डोये फुटले का तुहे? पानी कुठं चाललं पाह्य! आख्खा वाफा वाहून गेला माहा!”

आवाज इतका मोठा होता की मी तिसराच कोणी माणूस शोधू लागलो. पण तिथे दोघेच होते. आनंदाभाऊ चिखलात गुडघाभर उभे राहून हात नाचवत होते.

“मंग तुमीच धरा न पावडं!” श्रावण तिकडून ओरडला.

“धरतोच! आन इकडं! निंघ बाजूले, गधड्या!”

साहेब चपापले. जामीनदार आणि पोरगा यांचं असं जुंपलेलं पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली आणि ते तरातरा वाफ्यांकडे निघाले. मावशीने त्यांची बाही धरली. परक्या माणसाची, तीही साहेबाची.

“थांबा साहेब. मधात नका पडू.”

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि तोंडावर पदर दाबून ती हसत होती. साहेबांना काही कळेना. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग आवाज खाली आणून तिला विचारलं, “रोज असंच भांडतात का हे दोघं?”

“नाही साहेब,” मावशी म्हणाली. “आजच सुरू झालं.”